लातूरचं भाडं लातूरच्या पगाराशी ताडून पाहा

लातूर स्वस्त आहे, असं ठामपणे सांगणारी माणसं बहुतेक करून लातुरात राहत नाहीत. ती पुण्यात राहतात. वाकडला किंवा हिंजवडीला टू बीएचकेचं भाडं भरणाऱ्याला औसा रोडवरचा तेवढाच फ्लॅट निम्म्याहून कमी पैशात मिळतो हे कळलं की त्याच्या लेखी विषय संपतो. आकडा खराच असतो. पण त्या फ्लॅटचं भाडं भरणाऱ्याचा पगार पुण्यातून येत नाही. तो गंजगोलाईतल्या कापडाच्या दुकानातून, एमआयडीसीतल्या डाळमिलमधून, एखाद्या दवाखान्याच्या काउंटरवरून नाहीतर खासगी शाळेतल्या विनाअनुदानित तुकडीवरून येतो.

हिशेब करून पाहा. समजा दुकानात काम करणाऱ्याला महिन्याला १४ हजार मिळतात आणि दोन खोल्यांचे ५ हजार जातात. म्हणजे रुपयातले जवळपास छत्तीस पैसे भाड्यात गेले. तिकडे पुण्यात ९० हजार कमावणारा २७ हजार भाडं भरतो, त्याचे तीस पैसे जातात. आणि उरतात किती, तर एकाकडे ६३ हजार आणि दुसऱ्याकडे ९ हजार. गॅसची टाकी, तेलाचा डबा, मुलाची फी, मोटरसायकलचं पेट्रोल यांचे भाव दोन्हीकडे जवळपास सारखेच. मग स्वस्त शहर नेमकं कुणाचं? ‘छोट्या शहरात भाडी परवडतात’ हे आपण गृहीत धरून बसलो आहोत, आणि ते चुकीच्या फूटपट्टीनं मोजलेलं आहे, एवढंच मला इथं मांडायचं आहे. त्याचे परिणाम मात्र फार लांबवर जातात.

सरकारचीही फूटपट्टी तीच आहे. घरभाडे भत्त्यासाठी शहरांची एक्स, वाय, झेड अशी वर्गवारी आहे. ५० लाखांवर लोकसंख्या असली तर एक्स, ५ ते ५० लाखांत वाय, त्याखाली सगळे झेड. मुंबई-पुण्याच्या कर्मचाऱ्याला मूळ पगाराच्या ३० टक्के, झेड गावातल्याला १० टक्के. २०११ च्या जनगणनेत लातूरची लोकसंख्या होती ३ लाख ८२ हजारांच्या आसपास. त्यामुळे लातूर झेड. नांदेड आणि सोलापूर मात्र वाय. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. मधल्या काळात शहर बार्शी रोडनं, अंबाजोगाई रोडनं, खाडगाव आणि कव्ह्याच्या बाजूला केवढं पसरलं हे कुणीही दुचाकीवरून फिरून पाहू शकतो. भत्ता मात्र जुन्या मोजणीवरच. ४० हजार मूळ पगार असलेल्या लिपिकाला इथं ४ हजार मिळतात आणि तेवढ्यात रेल्वे स्टेशनच्या बाजूला सोडाच, पाखरसांगवीच्या रस्त्यालाही धड घर मिळवायला त्याला फिरावं लागतं.

याहून वाईट गोष्ट अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या स्वाधार योजनेतली. ज्या मुलाला सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही त्याला राहण्या-जेवणाचे पैसे थेट द्यायचे, अशी ही चांगली योजना. पण २०१६-१७ ला ती आली तेव्हा निवासासाठी मुंबई-पुण्यात वर्षाला २० हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी १२ हजार धरले गेले. म्हणजे महिन्याला एक हजार. एक हजारात लातुरात कॉट मिळत नाही, खोली तर दूरच. लहान शहर म्हणजे स्वस्त शहर, हे कुणीतरी मंत्रालयात बसून ठरवलं आणि त्याची किंमत अकरावीतला पोरगा मोजतो आहे.

लातूरच्या भाड्याचं गणित इतर जिल्ह्यांसारखं नाही, त्याला कारण शिक्षण. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी गेल्या शतकाच्या अखेरीस जो अभ्यासाचा शिरस्ता घातला त्याला महाराष्ट्र ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागला. पुढं त्याभोवती खासगी शिकवण्या उभ्या राहिल्या आणि उद्योग भवनाच्या आसपासचा सगळा भाग ट्यूशन एरिया म्हणूनच ओळखला जाऊ लागला. बीड, परभणी, नांदेड, धाराशिव, हिंगोली, अगदी सोलापूर-यवतमाळपर्यंतची मुलं वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीला इथं येतात. दहावीचा निकाल लागला की जूनमध्ये या भागातल्या गल्ल्यांतून आई-बाप आणि पोर असे तिघं तिघं फिरताना दिसतात. बापाच्या हातात पिशवी, आई जिने चढून-उतरून दमलेली, आणि दर दुसऱ्या फाटकावर पाटी : ‘मुलींसाठी रूम’, ‘कॉट बेसिस’, ‘बोअरचं पाणी २४ तास’, ‘फॅमिलीसाठी नाही’.

शेवटच्या पाटीत सगळं आलं. ‘फॅमिलीसाठी नाही.’

एक घर डोळ्यांसमोर आणा. तळमजल्यावर मालक, वर दोन बेडरूम, हॉल आणि किचन. कुटुंबाला दिलं तर समजा ८ हजार येतील. त्याच घरात हॉलमध्ये प्लायवूडचं पार्टिशन टाकलं, दोन्ही बेडरूममध्ये दोन-दोन आणि हॉलच्या दोन भागांत एकेक अशा सहा कॉट टाकल्या, कॉटला अडीच हजार लावले, की झाले १५ हजार. किचनच्या ओट्यावर पुस्तकं, बाल्कनीत दोऱ्या, गिझर सकाळी सहा ते साडेसात, रात्री दहानंतर फाटकाला कुलूप. कुठल्या मालकाला हे गणित कळणार नाही? आणि ज्याला कळतं त्याच्यावर मी रागवावं तरी कसं? निवृत्त शिक्षकानं फंडाच्या पैशातून वरचा मजला चढवलेला असतो. कुणी औशाकडची दोन एकर विकून प्लॉट घेतलेला असतो. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर गाव सोडून आलेली घरं आहेत, ज्यांचं शेत उरलं पण त्यावर भागत नाही. त्यांचं पेन्शन म्हणजे हे भाडंच. मालक लोभी आहेत असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही, कारण मालकाच्या जागी तुम्ही-मी असतो तर कॉटच टाकल्या असत्या.

पण परिणाम काय झाला? महाविद्यालयं, बाजार, दवाखाने, बसस्टँड यांच्या जवळची घरं शहरात काम करणाऱ्या माणसाच्या हातून गेली. तो मागं मागं सरकत रिंगरोडच्या पलीकडे गेला. तिथं खोली हजार-बाराशेनं स्वस्त मिळते खरी, पण तो वाचलेला पैसा रिक्षा आणि पेट्रोल खातं, आणि उन्हाळ्यात टँकर. लातुरात पाणी हा भाड्याचाच एक भाग आहे, हे बाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली, ते दिवस इथला कुणी विसरलेला नाही. तेव्हापासून घर बघायला गेलेला माणूस खोल्या नंतर मोजतो, आधी बोअर किती फूट आहे आणि मे महिन्यात चालतो का हे विचारतो. बोअर आटला तर टँकरचे पैसे मालक भरणार की भाडेकरू, हे बहुतेक ठिकाणी कुठंही लिहिलेलं नसतं. मे उजाडतो आणि वादही.

विद्यार्थ्यांसोबत येणारा आणखी एक भाडेकरू आहे, तो कुठल्याच नोंदीत नसतो. आई. मेसचं जेवण पोराला मानवत नाही, त्यात तो रिपीटर, दुसरं वर्ष, मनावर ताण. मग आई गावचं घर, शेत, सासू-सासरे मागं ठेवून दोन वर्षांसाठी लातुरात एक खोली घेते. सकाळी डबा, संध्याकाळी डबा, मधल्या वेळेत कुणी शिवणाचं काम करते, कुणी शेजारच्या दोन मुलींना डबा करून देते. गावी नवरा एकटा. वर्षाचं भाडं दोन हप्त्यांत आगाऊ द्यायचं, कारण मालकाला मार्च-एप्रिलला पोरं निघून जातात याची खात्री असते. सोयाबीनचे पैसे आले की पहिला हप्ता, तुरीचे आले की दुसरा. ज्या वर्षी सोयाबीनला भाव मिळत नाही त्या वर्षी ही बाई भाड्यासाठी गळ्यातलं गहाण टाकते. लातूर पॅटर्नच्या यशाच्या मोठमोठ्या फ्लेक्सवर गुणवंतांचे फोटो असतात. या बायकांनी जे पैसे या शहरात ओतले त्याचा हिशेब कुणीच ठेवलेला नाही.

आणि भाव सगळ्यांना सारखा कुठं असतो? खोली रिकामी आहे, भाडं ठरतं, आणि मग प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ उत्तर ऐकून खोली अचानक ‘कालच दिली’ होते. मुसलमान असाल, दलित असाल, नवऱ्याशिवाय राहणारी बाई असाल, तर याच शहरात तुमच्यासाठी घरं कमी आहेत, आणि घरं कमी असली की जे मिळेल त्याला जास्त मोजावं लागतं. हे भाड्याच्या चर्चेत येत नाही, कारण ते सामाजिक मानलं जातं, आर्थिक नाही. मला ते पूर्णपणे आर्थिक वाटतं. ज्याला शहराच्या दहा गल्ल्यांपैकी तीनच गल्ल्या खुल्या आहेत, त्याच्यासाठी शहराचा सरासरी दर हा आकडा निरर्थक आहे.

मग करायचं काय? पहिली सूचना नेहमी येते ती भाड्यावर मर्यादा घालण्याची. माझा तिला विरोध आहे. मुंबईनं १९४७ च्या कायद्यानंतर भाडी गोठवून पाहिली. मालकांनी इमारतींची डागडुजी सोडली, पागडीचा धंदा उभा राहिला, आणि पावसाळ्यात चाळी पडू लागल्या. मराठवाड्यालाही ही चव आहे. निजामाच्या राज्यातून आपण आलो म्हणून इथं १९५४ चा हैदराबादचा भाडेनियंत्रण कायदा चालत होता. तो २००० साली गेला आणि सगळ्या राज्याला एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. पण भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही ही धास्ती जुन्या पिढीच्या मनातून गेली नाही. कित्येक जण घर कुलूप लावून ठेवतात ते याच धास्तीपोटी. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांमध्ये १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी सापडली होती. मर्यादा घातली तर लातुरात कुलपं वाढतील, घरं नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. आधी भाडं कागदावर आणा, आणि मग तो आकडा लोकांसमोर ठेवा.

कागदाबद्दल आपल्याकडे एक हट्टी गैरसमज आहे. अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झालं, नोंदणी लागत नाही, असं एजंट सांगतो, मालक सांगतो, वकिलाचा कारकूनही सांगतो. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ याच्या बरोबर उलट सांगतं. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्याचा, करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मालकानं स्वतःच्या हितासाठी तरी हे कलम वाचावं. नोंदलेला करार हाती असेल तर मुदत संपल्यावर घर परत मिळवण्याचा जवळचा रस्ताही याच कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे. मुदत संपूनही जो राहील त्याच्याकडून दुप्पट भाडं घेण्याची तरतूद त्यातच आहे. ज्या धास्तीपोटी मालक कागद टाळतो, तिच्यावरचा उपाय त्याच कागदात आहे.

खर्चाचं म्हणाल तर, ८ हजार भाडं, २० हजार डिपॉझिट, अकरा महिने. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे सव्वादोनशे-तीनशे रुपयांच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. आधार आणि अंगठ्याचा ठसा घेऊन घरबसल्या ऑनलाइन होतं, करून देणारा माणूस वर त्याचे पैसे घेतो. आता नोटरीसाठीच ५०० चा मुद्रांक लागतो, कारण ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं १०० चा काढून ५०० केला. खऱ्या आणि कच्च्या कागदातला फरक हजार-दीड हजाराचा उरला आहे. लहान भाड्यांसाठी सरकारनं हा एक हजारही माफ करावा. १० हजारांच्या आतल्या भाड्यावर नोंदणी फी शून्य केली, तर तिजोरीला फार खड्डा पडणार नाही आणि हजारो घरं उजेडात येतील. मालकांची खरी भीती घरपट्टीची आहे. भाडेकरू दाखवला की महापालिका पट्टी वाढवेल, असं त्यांना वाटतं. पालिकेनं इथं स्पष्ट शब्द द्यायला हवा की नोंदणीची माहिती वापरून ठरावीक वर्षं घरपट्टी वाढवली जाणार नाही. हा शब्द दिल्याशिवाय बाकी सगळं आवाहन वाया जाईल.

आणि मग आकडा. दर वर्षी राज्य सरकार जमिनी आणि घरांच्या विक्रीसाठी रेडी रेकनर काढतं. गल्लीनिहाय, सर्व्हे नंबरनिहाय. लातूरच्या कुठल्या भागात चौरस मीटरला किती दर, हे कुणालाही घरी बसून बघता येतं. भाड्याचं असं काहीच नाही. नोंदणी खात्याकडे प्रत्येक नोंदलेल्या कराराचं भाडं, डिपॉझिट, क्षेत्रफळ, पत्ता सगळं संगणकात पडलेलं आहे. नावं गाळून, दर तीन महिन्यांनी, प्रभागवार मधला दर जाहीर करायला कितीसं काम? जूनमध्ये अहमदपूरहून आलेल्या बापाला तेव्हा कळेल की ज्या खोलीचे एजंट साडेसहा सांगतो आहे तिचा त्या गल्लीतला दर साडेचार आहे. एजंट त्याला आज जे सांगेल तेच त्याचं ज्ञान. भाव ठरवायला सरकारनं बसू नये, पण भाव दिसायला हवा. घासाघीस करायला माणसाच्या हातात काहीतरी लागतं.

याच आकड्यांवरून मग स्वाधारचा भत्ता, घरभाडे भत्ता हे ठरावेत. लोकसंख्येवर नाही. पाच लाख माणसं झाली म्हणून भाडं वाढत नाही आणि पावणेचार लाख आहेत म्हणून कमी होत नाही. विद्यार्थ्यांच्या मागणीनं वाढलेलं लातूरचं भाडं आणि त्याच झेड वर्गातल्या एखाद्या ओस पडत चाललेल्या गावचं भाडं एका तराजूत घालणं अन्यायाचं आहे.

दुसरं काम वसतिगृहांचं. कॉट बेसिस घरं बंद करा म्हणून उपयोग नाही, पोरं कुठं जातील? त्यांच्यासाठी वेगळ्या इमारती उभ्या राहिल्या तर घरं आपोआप कुटुंबांकडे परततील. केंद्राच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा स्वतंत्र भाग आहे. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणातही विद्यार्थी आणि नोकरदार महिलांच्या निवासाचा विचार आहे. जीएसटी परिषदेनंही २०२४ मध्ये महिना २० हजारांपर्यंतच्या, सलग ९० दिवसांच्या वसतिगृह निवासाला करातून सूट दिली. कागदावर वाट मोकळी आहे. जागा महापालिकेला द्यायची आहे. मी तर म्हणेन, शिकवण्यांवर हे शहर जगतं, तर मोठ्या शिकवणीवाल्यांनी आपल्या पटाच्या ठरावीक टक्के मुलांची सोय स्वतः करावी, ही परवान्याची अट असावी. वर्गात हजार मुलं बसवायची आणि ती रात्री कुठं झोपतात याच्याशी आपला संबंध नाही म्हणायचं, हे चालू देता कामा नये.

यावर लातूरचे व्यापारी आणि घरमालक विचारतील, की वसतिगृहं झाली आणि उद्या मुलंच यायची थांबली तर? प्रश्न रास्त आहे. राजस्थानातल्या कोट्यात २०२४ मध्ये विद्यार्थी घटले आणि कर्ज काढून बांधलेली वसतिगृहं अर्धी रिकामी पडली, दर धाडकन खाली आले. नीटची पद्धत बदलली, शिकवण्या ऑनलाइन गेल्या किंवा नांदेड-संभाजीनगरनं मुलं ओढली, तर लातुरातही तेच होऊ शकतं. पण तेव्हा सर्वांत आधी कोण बुडेल? ज्यानं हॉलमध्ये प्लायवूड ठोकून, बँकेचा हप्ता सहा कॉटवर बेतून, कुटुंबाला दारातून परत पाठवलं तोच. घरात कुटुंब राहतं तेव्हा भाडं थोडं कमी येतं, पण बारा महिने येतं. शहरातल्या सगळ्या वरच्या मजल्यांचं नशीब एका प्रवेश परीक्षेला बांधणं मालकांच्याही हिताचं नाही.

वेळही फार नाही. हरंगुळजवळ रेल्वे कोच कारखाना उभा आहे आणि वंदे भारतच्या स्लीपर गाड्यांचं काम तिथं व्हायचं आहे. ते जोरात सुरू झालं की बाहेरून कामगार, फिटर, इंजिनियर येतील. कंपनी त्यातल्या वरच्या लोकांना घरभाडं देईल. ते बार्शी रोडला जो दर देतील तो दोन वर्षांत सगळ्या शहराचा दर होईल, आणि कंत्राटी कामगार पुन्हा रिंगरोडच्या पलीकडे टँकरची वाट पाहत बसेल. म्हणून कामगारांच्या घरांसाठी जागा आजच राखून ठेवावी, पहिली भरती होण्याआधी. महापालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात भाड्याच्या घरांसाठी एक ओळ तरी आहे का, हे आपापल्या नगरसेवकाला लातूरकरांनी विचारावं, आणि आकडा मिळेपर्यंत विचारत राहावं.